कूलरमधला उजेड

मंगळवारी सकाळी तू साखरपुड्याचे फोटो काढायला परतवाड्याला निघालास. अंजनगावच्या अलीकडे ट्रकने तुझ्या मोटरसायकलला धडक दिली. दुपारी मामाचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते. संध्याकाळी मी अकोल्याच्या घरात होते आणि तू नव्हतास.

मिलिंद, तेव्हापासून मला एका जागी बसता येत नाही. शनिवारी अमरावतीहून निघते, रविवारी तुझ्या खोलीत घिरट्या घालते आणि सोमवारी सकाळच्या गाडीने राजापेठेतल्या माझ्या खोलीवर परत येते. बसमध्ये पुस्तक उघडते. बडनेरा जातं, मूर्तिजापूर जातं, पान तेच असतं. घरी पोचले की आधी तुझ्या खोलीत जाते आणि कूलर लावते. मग बंद करते. मग पुन्हा लावते. बाहेरून मायचा आवाज येतो, "कायले बटन खालीवर करून राहिली व? आत कोनी हाय का?"

आत कोणी नसतं. मी बंद करते, स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिते आणि परत तिथेच येते.

त्या वस्तूला कूलर म्हणणारी माणसं आता आम्ही दोघीच. त्यात पंखा नाही, पंप नाही, पाण्याची टाकी तर तू केव्हाच कापून काढलीस. राहिला तो पत्र्याचा सांगाडा, आतून पांढरा रंगवलेला, त्यात ओळीने लावलेले बल्ब, आणि जिथे वाळ्याची ताटी बसायची तिथे ताणून बसवलेलं मायचं जुनं पांढरं लुगडं. लग्नाच्या फोटोवाल्यांकडे विकतच्या मोठ्या छत्र्या असतात, कापडाच्या पेट्या असतात. तुला त्यातलं काही घेणं शक्य नव्हतं. तू घरात काय आहे ते पाहिलंस. घरात कूलर होता.

आणि तोही तू ऐन उन्हाळ्यात खोललास. माय हातात सूप घेऊन दारात उभी होती. "माया कूलर खाल्ला तू," ती म्हणाली. तू पाना तोंडात धरून काहीतरी पुटपुटलास. पाना काढल्यावर म्हणालास, "माय, हवा तं सारेच देतात. आपून उजेड देऊ."

"उजेडानं घाम जाते का रे, लेका?"

तो उन्हाळा आपण ओल्या चादरी दाराला लावून काढला. मायने ती गोष्ट तुला कधीच विसरू दिली नाही.

पहिल्यांदा तू आत हॅलोजन लावलास. लग्नात तू ज्या व्हिडिओवाल्याच्या हाताखाली लाईट धरायचास, त्याच्याकडचा जुना. लुगड्याला मधोमध तपकिरी डाग पडला आणि धूर निघाला. मग बल्ब आणलेस. निम्मे पिवळे, निम्मे पांढरे, कारण कोपऱ्यावरच्या दुकानात तेवढेच होते. फोटोत माझा एक गाल काविळीचा आणि दुसरा भुताचा आला. मग सगळे एकसारखे आणलेस, तर फोटोत आडवे पट्टे यायला लागले. डोळ्याला न दिसणारं त्या बल्बांचं लुकलुकणं कॅमेऱ्याला दिसत होतं. तू दुकानात जाऊन एकेक बल्ब लावून त्याच्यासमोर मोबाईल धरायचास आणि ज्याचे पट्टे दिसत नाहीत तोच घ्यायचास. दुकानदार म्हणे, "बल्ब पाहून राहिला का पोरगी पाहून राहिला?" रंगाच्या रिकाम्या बादलीत सिमेंट ओतून त्यात पाईप उभा केलास, तो झाला स्टँड. कोणाच्या तरी फ्रिजबरोबर आलेला थर्माकोल दुसऱ्या बाजूला उभा केलास, की तिकडची सावली मऊ व्हावी. थर्माकोल नसेल तेव्हा मायची परात.

कूलरच्या तोंडाशी हवेची दिशा बदलायच्या ज्या पट्ट्या असतात ना, त्या मात्र तू फेकल्या नाहीस. लुगड्यापुढे बसवल्यास. त्या फिरवल्या की उजेड नेमका चेहऱ्यावर जायचा, मागच्या भिंतीवर सांडायचा नाही. ही तुझी सगळ्यात लाडकी युक्ती. कोणी आलं की आधी पट्ट्या फिरवून दाखवायचास.

शेजारची आजी पेन्शनच्या कागदासाठी फोटो काढायला आली होती, आठवतं? स्टुलावर बसली, पदर सैल केला, डोळे मिटले आणि वाट पाहत राहिली. बराच वेळ. मग एक डोळा उघडून म्हणाली, "पोरा, पंखा बिघडला काय तुया? हवाच नाही येऊन राहिली."

"आजी, याच्यातून उजेड येते फक्त."

"मंग खिडकी उघड ना, बाप्पा."

तू कॅमेरा खाली ठेवून हसत सुटलास. मीही. आजी रागावली, आणि त्या रागातला तिचा फोटो तू काढलास. तो फोटो किती सुंदर आहे. मी काल परत पाहिला.

तुझ्या संगणकावर सगळ्यात जास्त फोटो माझे आहेत, हे मला माहीत नव्हतं. गिऱ्हाईक यायच्या आधी लाईट जमवायला कोणीतरी स्टुलावर बसावं लागायचं आणि रविवारी ती मी असायची. "हलू नको, ताई. पुस्तक वाच पाहिजे तं." म्हणून प्रत्येक फोटोत मी काहीतरी वाचते आहे. तू मला स्टुलावरची बाहुली म्हणायचास. मला वाटायचं ते फोटो तू पुसून टाकत असशील. तू एकही पुसला नव्हतास. मी एका बाजूने काळीठिक्कर आलेली, मी उजेडात विरघळून गेलेली, मी पट्ट्यापट्ट्यांची, आणि मग हळूहळू, महिन्यामहिन्याने, मी. माझ्याच रंगाची मी.

"काळ्या चामडीले उजेड जास्त नाही लागत, ताई," तू एकदा म्हणाला होतास. "मोठा लागते. दिव्यासारका नाही, खिडकीसारका." ते मी मनात लिहून ठेवलं, कारण कोणत्याच पुस्तकात तसं वाचलेलं नव्हतं.

आता एक गोष्ट, जी आपण कधी बोललो नाही.

तू शाळेत होतास तेव्हा मला पाहायला पाहुणे आले होते. बायोडाट्याबरोबर जो फोटो गेला होता, तो एका स्टुडिओत काढलेला. त्यांनी मला इतकी गोरी केली होती की फोटो घरी आला तेव्हा मायनेच विचारलं, "हे कोन व?" पण पाठवला. सगळेच तसे पाठवायचे. पाहुण्यांमधल्या बाईंनी हातातल्या फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत फोटोकडे पाहिलं. आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "हा मोठ्या बहिणीचा आहे का?"

तू ताटात पाण्याचे पेले घेऊन दारात उभा होतास. माय म्हणाली, "नाही, हिचाच हाय." तू आत आलाच नाहीस. त्यांनी पाणी मागितलं तेव्हा मीच उठून तुझ्या हातातून ताट घेतलं.

ते स्थळ गेलं याचं मला तेव्हाही फार वाटलं नाही. पुढे मी लग्न केलं नाही, ग्रंथालयात रमले, आणि ते मला मानवलं. पण ते पाहणं, फोटोवरून माझ्यावर आणि माझ्यावरून फोटोवर, ते माझ्या अंगावर राहिलं. तुझ्याही राहिलं होतं का? मला विचारायचं होतं. रविवारी रविवारी त्या स्टुलावर बसून मला हेच विचारायचं असायचं, की मिलिंद, हे सगळं तू माझ्यासाठी तर करून राहिला नाहीस ना? मग तू म्हणायचास, "हनुवटी वर," आणि मी हनुवटी वर करायची.

एकदा आपण त्याच्या अगदी जवळ गेलो होतो. बाळापूरची ती मुलगी आणि तिचे वडील आले होते त्या रविवारी. फुलांची शेती त्यांची. येताना शेवंतीची पिशवी आणली होती. मुलगी नर्सिंग करत होती, सावळी, तुझ्याच रंगाची. फोटो बायोडाट्यासाठी हवा होता. ती स्टुलावर बसायला तयार होईना. कूलरकडे असं पाहत होती, जसं त्याच्यातून काही बाहेर येईल.

"पाय, आधी मी बसतो," तू तिला म्हणालास. "काही होत नाही. ताई, तू काढ."

मी म्हटलं, मला येत नाही.

"काय येत नाही? मोठं बटन दाब. ग्रंथालयात शिक्का मारतेस ना, तसं. दाब. अवो, दाब ना!"

मी दाबलं. मुलगी हसली आणि येऊन बसली. मग तू तिचे फोटो काढलेस. ते पाहिल्यावर ती पडद्यावर बोट ठेवून राहिली, स्वतःच्या गालावर. वडिलांनी मात्र थोड्या वेळाने हळूच म्हटलं, "फोटो झकास हाय, दादा. थोडी उजळ करता येईन का?"

तू म्हणालास, "नाही. जसा हाय तसाच देतो." ते बिचारे वरमले. त्यांना चहा द्यायच्या निमित्ताने मी तुला आत बोलावलं, आणि आपण स्वयंपाकघरात दबक्या आवाजात भांडलो.

"फोटो तिचा आहे, तुझा नाही," मी म्हटलं. "त्यांना जे हवं ते दे. त्यांना या जगात राहायचंय, मिलिंद. तुझ्या तत्त्वासाठी तिला का बसवतोस?"

"तत्त्व-बित्त्व काही नाही, ताई. पाहाले आलेले लोक फोटो अन् पोरगी जुळवून पायतात. तवा कोनाची मान खाली जाते? फोटोवाल्याची नाही जात."

मी चहा गाळत होते. गाळतच राहिले. तूही माझ्याकडे पाहिलं नाहीस. त्या क्षणी मला कळलं की तुला आठवतं, आणि तुला कळलं की मला कळलंय. मग तू बशा घेऊन बाहेर गेलास.

त्यांनी फोटो जसा होता तसाच नेला. पुढे दुसरीकडे जाऊन तो उजळून घेतला का, मला माहीत नाही. वडिलांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. तुझं चुकलं असंही म्हणवत नाही. आपला वाद अर्धा राहिला आणि चहाही कडू झाला होता.

आणि आता पुढच्या खोलीतली भिंत.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुझा फोटो लागणार होता. बुद्धांच्या तसबिरीखाली, आपल्या बाबांच्या फोटोशेजारी. मला सुचतच नव्हतं काही, मामाने परस्पर करून आणला. तुझ्या आधार कार्डावरचा चेहरा घेऊन स्टुडिओवाल्याने तुला गोरं केलं होतं, इतकं की लहानपणी विटी लागून तुझ्या कपाळावर राहिलेली खूणसुद्धा पुसली गेली होती. मागे निळं आकाश. आणि अंगात कोट. मी तो कोट ओळखला. बाबा गेले तेव्हाही मामानेच फोटो करून आणला होता, आणि बाबांच्या अंगातही तोच कोट आहे. त्याच निळ्या रंगाचा, तोच लाल टाय, त्याच जागी तीच घडी. स्टुडिओवाल्याच्या संगणकात तो इतकी वर्षं तसाच टांगलेला असणार.

"मामा, हा मिलिंद नाही," मी म्हटलं.

"अवो भाची, सारे असेच लावतात. नीटनेटका दिसते का नाही? लोकं येतीन."

लोक आले. पांढऱ्या कपड्यांतली माणसं ओळीने फुलं वाहत होती आणि मी एका कोपऱ्यात उभं राहून त्यांचे डोळे पाहत होते. तुझे मित्र फोटोपुढे थांबायचे, पाहायचे, क्षणभर गोंधळायचे, मग फूल ठेवायचे. मला ते पाहणं ओळखीचं होतं. कोणी विचारलं नाही, हा मोठ्या भावाचा आहे का.

तेव्हापासून मी तुझा फोटो शोधत होते. सगळी अस्वस्थता त्यात ओतली म्हण. तू प्रत्येकाला त्या उजेडात बसवलंस आणि तुझा मात्र त्या उजेडातला एक फोटो नसावा, हे मला सहन होत नव्हतं. भिंतीवर तुझ्याच हाताचा उजेड असलेला तुझा चेहरा हवा होता. संगणकात पाहिलं. नवरदेव, नवऱ्या, बारशी, पेन्शनवाल्या आजी, आणि मी, मी, मी. तू नाहीस. मायला विचारलं, मित्रांना विचारलं. त्यांच्या मोबाईलमध्ये होतास तो दुपारच्या उन्हात डोळे बारीक केलेला, किंवा कोणाच्या तरी मागे अर्धा.

मग एका रविवारी, अपघातानंतर तुझ्या बॅगेबरोबर परत आलेल्या कॅमेऱ्यातलं कार्ड काढून पाहिलं. बाळापूरच्या मुलीच्या आधी तो एक फोटो होता. मीच काढलेला आणि मीच विसरलेला.

त्यात तू बोलतो आहेस. तोंड उघडं, भुवया वर, एक हात माझ्याकडे. फोटो किंचित वाकडा आहे. एका गालावर कूलरचा उजेड आहे आणि दुसऱ्या गालावरची सावली तुला हवी तेवढीच. विटीची खूण आहे. रंग तुझा आहे. "दाब ना!" मधल्या "ना"वर मी बटण दाबलं असणार.

राजापेठेत त्याची प्रत काढायला दिली तेव्हा काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, तोंड मिटलेला नाही का एखादा? नाहीतर चेहरा तरी थोडा उजळून देतो."

"नको," मी म्हटलं. "जसा आहे तसा द्या." तुझं वाक्य माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालं. आवाज जरा जास्तच मोठा झाला.

शनिवारी फोटो छातीशी धरून बसने आले. त्या दिवशी पुस्तक उघडलंच नाही. मायपुढे फोटो ठेवला आणि म्हटलं, "हा लावू. तो काढू."

मायने चष्मा पुसला. फोटो जवळ धरला. बोटाने खूण चाचपली. मग म्हणाली, "याच्यात तो खरा हाय." आणि लगेच, "पन तो कोटातला राहू दे."

"का पण? तो मिलिंद दिसत तरी आहे का?"

"त्या कोटात तो तुया बापासारका दिसते."

"बाबांनी कधी कोट घातला होता?"

"नाही घातला," माय म्हणाली. "म्हून तं. दोघायलेबी कोन घालून देल्ला असता?"

मी इतके दिवस त्या कोटाकडे खोटेपणा म्हणून पाहत होते. मायला तो कपडा दिसत होता. बापलेकांना एकदा तरी मिळालेला, एकाच मापाचा. स्वयंपाकघरात मीच तुला म्हटलं होतं ना, फोटो तिचा आहे, तुझा नाही? भिंत मायची आहे, मिलिंद, माझी नाही. आपल्या वादात मी जिंकले आणि जिंकून मला अजिबात बरं वाटलं नाही. तू असतास तर पाना टेबलावर आपटून काहीतरी म्हणाला असतास. काय, ते मला सुचत नाही. इतके दिवस मी तुझ्या बाजूनेही बोलून पाहते आहे, पण तुझी वाक्यं मला पुरेशी येत नाहीत.

माय उठली. नवा फोटो घेऊन तुझ्या खोलीत गेली आणि तो कूलरच्या डोक्यावर, भिंतीला टेकवून ठेवला. पदराने खालची धूळ पुसली. मग कमरेवर हात ठेवून तुझ्याकडे पाहिलं.

"काय बोलून राहिला रे? बोल आता. तवा आयकलं नाही मी."

तू किती वर्षं तिच्या मागे लागला होतास. माय, एकदा बस. माय, एकच काढतो. आणि ती म्हणायची, चांगला फोटो काढला की माणूस भिंतीवर जाते, मले एवढ्यात नाही जायचं. तुला ती कधीच बसली नाही.

काल मामा आला होता. ऊन वाढलंय. कूलरकडे पाहून म्हणाला, "बाई, सांगाडा तं चांगला हाय. पंखा अन् पंप टाकून देतो, मस्त चालते. आता कोन वापरते हे?"

मी काही बोलायच्या आत माय बोलली. जिने तुला जन्मभर माझा कूलर, माझा कूलर म्हणून ऐकवलं, ती. "नवा आन तुले आनाचा असला तं. हा उजेडाचा हाय."

मामा गेल्यावर मी तिला विचारलं, "माय, बसतेस का एकदा? मी काढते."

तुला ती नाही म्हणायची. मला म्हणाली, "पाहू."

आता पुढच्या खोलीत बाबा आणि तू एकाच कोटात आहात. हार तिथे लागतो. मागच्या खोलीत स्टूल आहे, थर्माकोल आहे, कूलर आहे आणि त्याच्यावर तू बोलतो आहेस. बटण दाबलं की सगळे बल्ब लागतात. मायचा फोटो काढायचा राहिला आहे.